भाकरी मोडल्याचा आवाज

वजनकाट्याच्या काळ्या रबराच्या खाचेत भाकरीचा एक तुकडा अडकला होता. नखाएवढा, एका कडेला करपलेला—आणि सबिहा तो केसातल्या पिनेनं उकरून काढायला बघत होती, तर तो बाहेर यायचं सोडून आणखीच आत सरकत होता. आता सोलापुरात कडक भाकरीचा चुरा कुठं सापडत नाही? बाकांवर, दप्तरांत, तपासायला घेतलेल्या पेपरांच्या घड्यांत... त्यात विशेष काय? पण काटा तिनं आज सकाळीच ओल्या फडक्यानं पुसला होता, स्वतःच्या हातानं, रबराच्या खाचाखाचांतून बोट फिरवून. आणि मधली सुट्टी तर आत्ता संपली. म्हणजे सगळ्या मुली बाहेर वऱ्हांड्यात डबे उघडून बसल्या असताना कुणीतरी एकटंच नववीच्या या रिकाम्या वर्गात येऊन, काट्यावर उभं राहून गेलं होतं.

कुणीतरी कशाला म्हणायचं? तिला माहीत होतं कोण ते. माहीत म्हणजे... अंदाज होता. गेले कित्येक दिवस होता, आणि रोज दुपारी एक आवाज येऊन त्या अंदाजाला गप्प बसवत होता.

कट्. मग पुन्हा कट्. वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून मनाली भाकरी मोडायची, आणि भिंतीच्या अलीकडे शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत बसलेल्या सबिहाला तो स्वच्छ ऐकू यायचा. कडक भाकरी म्हणजे काही चपाती नव्हे, मुकाट्यानं खाता येत नाही. ती मोडणारा माणूस चार जणांना सांगूनच मोडतो. जेवतेय पोरगी, उगाच डोक्यात खूळ घेऊन बसायचं नाही, असं स्वतःला बजावून सबिहा पुढचा पेपर ओढायची. तिचा स्वतःचा डबा पिशवीत तसाच असायचा. सकाळी जरा जास्तच झालं, असं ती शेजारच्या बाईंना सांगायची, आणि त्या बिचाऱ्या कधी पुढं काही विचारत नसत.

तुकडा अखेर निघाला. तिनं तो फेकला नाही, तळहातावर ठेवून बघत राहिली. खाल्लेल्या भाकरीचा चुरा ओठाला लागतो, फार तर छातीवर पडतो. काट्यावर पडायला तो मांडीवर, ओच्यात, खिशात साठलेला असावा लागतो...

"शेखबाई, झालं का?" मुख्याध्यापक गुरुशांत सर दारातूनच म्हणाले. सर मनानं चांगले. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट टाळ्यांशिवाय पुरी झाल्यासारखी वाटत नाही. आजचा पालकांचा आरोग्य मेळावा त्यांचाच. "हे बघा, आधी आहारावर तुमचं बोलणं. मग शेवटी त्या मनालीला काट्यावर उभं करायचं, वजन मोठ्यानं सांगायचं आणि हा बिल्ला तुमच्याच हातानं लावायचा. काय बदल केलाय हो पोरीनं स्वतःत! पालकांनाही कळू दे की, आमच्या बाई नुसतं पुस्तक वाचून दाखवत नाहीत."

त्यांनी तिच्या हातावर कागदाचं हिरवं पान ठेवलं. टाचणीसकट. भाकरीचा तुकडा त्याच्याखाली झाकला गेला.

"सर, वजन मोठ्यानं नको सांगायला."

"का? लाजायचं होतं ते जूनमध्ये लाजून झालं तिचं. आता हिरव्यात आली की ती!"

हिरव्यात. भिंतीवर तो तक्ता होताच—कमी वजनाचा पिवळा पट्टा, योग्य वजनाचा हिरवा पट्टा, जास्त वजनाचा लाल पट्टा—सबिहानंच दोन रविवार खपून रंगवलेला, प्रत्येक मुलीच्या नावाचं पान ज्या त्या पट्ट्यात चिकटवलेलं, आणि वर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'वजन म्हणजे मार्क नव्हेत'. ते वाक्य लिहिताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. वाक्याच्या खाली आपण निकालच लावून ठेवलाय, हे चौदा वर्षांच्या पोरींना पहिल्याच दिवशी कळलं, बाईंना कळायला दिवाळी उजाडली. मनालीचं पान जूनमध्ये लालमध्ये होतं. मग ते खाली येत गेलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि आता ते हिरव्याच्या तळाशी होतं, पिवळ्याच्या अगदी कडेला. वाढत्या वयाची मुलगी, उंची वाढतेय, तर त्यासोबत वजनही थोडंथोडं वाढायलाच हवं, ते असं घसरतंय म्हणजे कुठंतरी चुकतंय—हे सबिहा आज पालकांना सांगणारच होती. समोर उभ्या असलेल्या सरांना मात्र ते सांगता येईना. हातात पुरावा काय, तर भाकरीचा कण. आणि सर लगेच विचारणार, तुम्हाला कसं कळलं हो बाई?

"बरं, सर," ती म्हणाली. स्वतःचा राग आला तिला, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतका.

कसं कळलं... बार्शीला त्यांच्या घरात रमजानचे रोजे ती सातवीपासून धरायची. त्यात काही नवल नव्हतं, सगळेच धरायचे. पण एका वर्षी ईद झाली, शिरखुर्मा झाला, आणि तिनं पुढचे सहा रोजेही धरले. मग दर सोमवारी आणि गुरुवारी. मग मधल्याच एखाद्या दिवशी. रोजा आहे म्हटलं की घरात कुणी ताट पुढं करत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही, उलट आवाज खाली आणून बोलतात. फुफी, म्हणजे आत्या, आली की हनुवटी धरून म्हणायची, "रोजे रख रख को क्या नूर आया देखो चेहरे पे!" आणि अम्मी—अजीजा तिचं नाव, साधी बाई—पोर इतकी नेक निघाली म्हणून आल्यागेल्याला सांगायची. रोजा नसेल त्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक यायची, खाना खाई क्या? हौ अम्मी, खाई... पोटातली ती रिकामी जागा गोड वाटायची. कुणाला सांगून पटणार नाही, पण गोड वाटायची. जगात आपल्या ताब्यात असलेली तेवढी एकच गोष्ट. नमाजावरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, महिना चुकायला लागला, कंगवा केसांनी भरून यायचा. एकदा शाळेच्या मैदानात ती कोसळली, तर डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, आणि अम्मीनं खजूर आणले. मी ते खजूर गादीखाली लपवले. मुंग्या लागल्या तेव्हा कुठं अम्मीला कळलं, आणि ती नुसती गादीवर बसून राहिली.

हे सरांना सांगायचं? माईकवरून?

वऱ्हांड्यात सतरंज्या पडल्या होत्या. उन्हानं पत्रा तापलेला, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड चालूच, आणि आया येऊन पदरानं वारा घेत बसत होत्या. त्यांतली एक म्हातारी सबिहाला शोधत थेट वर्गातच आली. हातात फडक्याची गाठोडी.

"बाई, मी मनालीची आजी. नागूबाई. केम गावाहून आलेय हितं ऱ्हायला. सुनेची दवाखान्यात ड्यूटी असती, मग पोरीचं खान्यापिन्याचं माज्याकडंच की." तिनं गाठोडी सबिहाच्या हातात कोंबली. "कडक भाकरी हाय, वर शेंगाची चटणी. तुमच्यासाटी. न्हाय म्हनायचं न्हाय बगा."

"कशाला आजी, एवढं..."

"आवो, तुमी लई उपकार केले. आदी पोरगी निसती कुरकुरं आन् वडं खायाची. तुमी शिकवलं आन् समदं सोडलं तिनं. आता निसती भाकरी मागती, ती बी कडक. म्होरल्या खोलीत एकलीच बसती आब्यास करत, मी आत सैपाकघरात असती, आन् कट् कट् आवाज येतोय मला. जीव कसा गार हुतो."

सबिहाच्या मुठीत टाचणी टोचली. "आजी, तुम्ही तिला खाताना बघता का?"

"त्यात बगायचं काय?" म्हातारी हसली. पुढचे दात नव्हते तिला, तिच्याच्यानं ती भाकरी मोडतही नसेल आता. "आवाज येतोय की!"

येतोय की. मलाही येतो, आजी. सबिहाला ते बोलवेना. भाकरी मोडल्याचा आवाज सगळ्या घराला जातो आणि चावल्याचा फक्त चावणाऱ्याच्या कानात घुमतो, ही एवढी साधी गोष्ट एका पोरीनं ओळखली होती. तिनं तिच्या आजीला फसवलं होतं, आईला फसवलं होतं, आणि बाईंना—ज्यांना असल्या फसवणुकीचा स्वतःचा अनुभव होता, त्यांना—सगळ्यांत सहज फसवलं होतं. आज तिला त्याबद्दल हिरवं पान मिळणार होतं. ते मिळालं की ती थांबणार नाही. मी थांबले होते का, नूर आला म्हटल्यावर?

बोलणं पार पडलं. डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, दूध, वाढीचं वय... सबिहा स्वतःचाच आवाज स्पीकरमधून ऐकत होती आणि तिला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मग सरांनी मनालीचं नाव पुकारलं आणि टाळ्या झाल्या.

मनाली आली. आधी बूट काढले. मग मोजे. मग मनगटावरचं घड्याळ, मग केसांतली एक क्लिप, मग दुसरी, आणि सगळं तिनं काट्याशेजारी एका ओळीत, नीट मांडून ठेवलं. आया कौतुकानं हसल्या, केवढी टापटीप म्हणून. सबिहा हसली नाही. बार्शीच्या दवाखान्यात काट्यावर चढण्याआधी मी कानातले काढायची. फुलाएवढे कानातले, त्यांचं वजन ते काय... आणि नर्स म्हणायची, अगं असू दे. मनालीचे ओठ फुटलेले होते, गणवेशाच्या बाहीतून दंड काठीसारखा बाहेर आला होता, आणि तिचं लक्ष आजीकडे नव्हतं, सरांकडे नव्हतं, ते काट्यावरच्या काचेखालच्या त्या लाल सुईकडे होतं. तिनं एक पाय उचलला.

"काटा बिघडलाय," सबिहा म्हणाली.

माईक तिनं खाली धरला होता, म्हणून ते जवळच्यांनाच ऐकू गेलं. सर गडबडले. "बिघडला? सकाळी तर—"

"बिघडलाय, सर. खोटं वजन दाखवतोय. आज कुणाला उभं करायचं नाही."

"नाही बाई," मनाली पटकन म्हणाली, हळू, पण हट्टानं, ठरलेलं बक्षीस कुणी काढून घेतल्यासारखी. "बरोबर आहे काटा. मी मघाशीच..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या नजरेत पोरीला कळलं की बाईंना कळलंय, आणि तिचा उचललेला पाय जमिनीवर कुठं ठेवायचा हे तिला सुचेना. सर नाराज झाले ते दिसतच होतं, पण पालकांपुढं वाद कसा घालणार. त्यांनी माईक घेतला आणि चिक्कीवाटप जाहीर केलं. सबिहानं मनालीचं मनगट धरलं आणि तिला आत वर्गात नेलं. बाहेर पत्रा पेटलेला होता आणि ते मनगट गार होतं.

बाकावर समोरासमोर बसल्या. दाराबाहेर पायरीवर नागूबाई येऊन टेकल्याचं कळलं, तिच्या बांगड्यांवरून. सबिहानं गाठोडी सोडली. पातळ, फुगून वाळलेल्या भाकऱ्या, कागदात चटणी.

"तुम्ही खोटं बोललात," मनाली म्हणाली.

"हो."

"माझं पान काढणार तक्त्यावरून?"

"सगळ्यांचीच काढणार. तक्ताच काढणार."

सवयीनं मनालीनं एक भाकरी उचलली आणि मोडली. कट्. हात आपोआप चालले, कट्, कट्, तुकड्यांचे तुकडे. मग वर न बघताच ती म्हणाली, "तुम्हीपण डबा उघडत नाही बाई. सकाळी जास्त झालं म्हणता. रोज. आम्हाला दिसतं."

सबिहाचा चेहरा तापला. आपण भिंतीच्या अलीकडे बसून ऐकतो तर भिंतीच्या पलीकडून कुणी बघत नसेल, असं का धरून चाललो आपण? डाळी, पालेभाज्या, वाढीचं वय—सगळं फळ्यावर लिहिलं, आणि पोरीनं शिकून घेतला तो पिशवीत तसाच राहिलेला डबा. भीती वाटली तिला, खरीखुरी, मैदानात कोसळण्याआधी वाटली होती तशी. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. करण्यासारखं एकच होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं, आणि इतकं अवघड.

तिनं मनालीच्या पुढ्यातला एक तुकडा उचलला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. मनाली हात थांबवून बघत होती—बाईंच्या तोंडाकडे, गळ्याकडे—सबिहा तिच्याकडे जशी बघत आली होती अगदी तशी, फसवतील का म्हणून. भाकरी दाताखाली फुटली. केवढा आवाज तो, डोक्याच्या आत, कानशिलापर्यंत... दिवसाउजेडी, कुणासमोर बसून शेवटचं कधी खाल्लं होतं ते तिला आठवेना. मनालीच्या बोटांत एक तुकडा होता. तो फडक्याकडे जात नव्हता, तोंडाकडेही येत नव्हता.

"खातीया बगा," पायरीवरून नागूबाई कुणाला तरी सांगत होती. "आवाज येतोय की."

सबिहा चावत राहिली. घास अजून गिळायचा होता.