अण्णांनी दिलेलं नाव

साक्षीने सर्चच्या चौकटीत ‘palna’ टाकलं आणि एंटर दाबलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, पण सापडलं काहीच नाही. मग तिने ‘aai’ टाकून पाहिलं. मग ‘bhimabai’. तेही नाही.

शेजारच्या खुर्चीत तिची आई, भिमाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. ओठ तेवढे हलायचे. उद्या साक्षीच्या लेकीचं बारसं होतं. भोसरीच्या या गल्लीत कुणाचंही बाळ पाळण्यात घातलं, की भिमाबाईंनी स्वतः जुळवलेला पाळणा त्यांच्याच तोंडून ऐकायचा, असा रिवाजच पडला होता. साक्षीच्या वडिलांनी, अण्णांनी, तो एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये घातला होता. कुठे, ते सांगायला अण्णा आता नव्हते.

“तारखेनं लावून बघ ना,” साक्षीचा नवरा निरंजन दारातून म्हणाला.

“सगळ्यांवर एकच तारीख आहे. फॉरमॅट केला तेव्हा अण्णांनी सगळं परत कॉपी केलं.”

“मग दुसरा एखादा लावू. मोबाईलवर ढीगभर आहेत.”

आत बाळ रडायला लागलं, तसा तो वळला.

साक्षी की-बोर्डकडे बघत राहिली. कंपनीतून रिटायर झाल्यावर अण्णा इथेच बसायचे. चष्मा कपाळावर, आणि उभा जन्म लेथवर राबलेलं जाड बोट एकेका अक्षरावर जपून टेकवत. ‘फाईलला नाव असं द्यावं पोरी, की झोपेतसुद्धा आठवलं पाहिजे,’ म्हणायचे.

“आई, काय नाव दिलं असेल गं त्यांनी? तुला ते काय म्हणायचे?”

भिमाबाईंचे ओठ हलले. साक्षीला कळेना. ती खाली वाकली. ओठ पुन्हा हलले.

अगं.

खरंच की! एवढ्या वर्षांच्या संसारात अण्णांनी बायकोला नावाने हाक मारलेली तिने कधी ऐकलीच नव्हती. तिने ‘aga’ टाइप केलं.

एकच फाईल आली.

आधी नुसती खरखर. मग कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग अण्णा.

“अगं, म्हण की. कोण ऐकतंय? मीच तर हाय.”

भिमाबाईंचं लाजरं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ पाळणा सुरू झाला, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. साक्षीने तोंडावर हात धरला. निरंजन बाळाला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभा राहिला. बाळ रडायचं थांबलं होतं.

पाळणा संपला.

“सापडला बघ आई, तुझा आवाज,” डोळे पुसत साक्षी म्हणाली आणि फाईल मोबाईलवर घ्यायला खणात वायर शोधू लागली.

भिमाबाईंनी माउस आपल्याकडे ओढला. फाईल पुन्हा सुरू झाली. खरखर झाली, भांडं वाजलं, अण्णा बोलले. पाळण्याचा पहिला शब्द उमटला, तसा त्यांनी तो थांबवला आणि परत सुरुवातीला नेला.