तिरपा दात

"आ करा. अजून थोडा मोठा. हां," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा शिवणकाकूंच्या तोंडात घातला आणि तुटलेल्या दाताभोवती सगळीकडून फिरवून बघितला.

"काढायलाच लागणार का?" काकूंनी उघड्या तोंडानेच विचारलं.

"काढणं काय, पाच मिनिटांचं काम. पण मूळ चांगलं घट्ट आहे हो काकू, मला काढवत नाही. अडचण एकच आहे. दात पार हिरडीला लागून तुटलाय. वर कॅप बसवायची तर तिला धरायला काहीतरी नको का? खुंटीच नाही आणि कोट टांगायचाय, अशातली गत."

"मग?"

"मग हिरडी थोडी कापून मागे घ्यायची. आतलं हाडही किंचित घासायचं. म्हणजे हिरडीत दडलेला दात जरा बाहेर येईल आणि कॅप त्याच्यावर बसेल. छोटंसं ऑपरेशन. भूल देऊन, ह्याच खुर्चीत."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दुमड उसवून उंची वाढवायची."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तेच. नवं कापड लावायचं नाही, आत दुमडलेलं बाहेर काढायचं."

काकूंना ते एकदम पटलं, कारण त्यांचा सगळा जन्मच दुमडी घालण्यात आणि उसवण्यात गेला होता. ह्याच रुग्णालयाच्या मागच्या बाजूला कपड्यांची खोली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेल्या उशा, ऑपरेशनच्या हिरव्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या, सगळं त्यांच्या मशीनवर यायचं. डॉक्टरीणबाईंच्या अंगातल्या झग्याची बाहीसुद्धा त्यांनीच आखूड करून दिली होती. रुग्णालयात त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांच्या त्या शिवणकाकू.

"पण आधीच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापलेली हिरडी परत वाढत नाही. शेजारचा दातही थोडा लांब दिसेल. आणि समोरचा दात आहे, तेव्हा हिरडी पुरती बसेपर्यंत पक्की कॅप लावायची नाही. तीन महिने तरी गेले पाहिजेत."

"तीन महिने?"

"घाई केली आणि हिरडी नंतर सरकली, तर कॅपची कड उघडी पडेल. हिरडी स्वतःच्या मर्जीने बसते, तुमच्या-माझ्या नाही."

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांना जे विचारायचं होतं ते ओठांवर येऊन अडलं होतं. शेवटी म्हणाल्या, "दिसेल ना पण पहिल्यासारखा?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाईला ह्या वयातही रूपाची हौस आहे. असू दे, चांगलंच आहे. पण काकूंची हौस वेगळी होती.

काकूंचा तो दात जन्माचा तिरपा. शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढून बसल्यासारखा. मुलगी असताना त्या तोंडावर हात धरूनच हसायच्या. मग नोकरी लागली आणि रुग्णालयाच्या तळघरात कपडे धुणारा एक तरुण भेटला. मोठमोठी मशीनं चालवायचा, वाफेच्या इस्त्रीखालून चादरी काढायचा आणि फाटलेल्या चादरींचा गठ्ठा स्वतः वर घेऊन यायचा. गठ्ठा ठेवताना काहीतरी अचरट बोलायचा. काकूंना हसू आवरायचं नाही, हात तोंडावर जायचा. एक दिवस तो म्हणाला, "हात काढ की. कोण चोरून नेतंय तुझा दात?" त्या दिवसापासून तो त्यांना 'तिरपे' म्हणायला लागला आणि लग्नानंतरही तेच म्हणत राहिला. लेक चिडायची, "बाबा, आईला नावाने हाक मारा ना!" तर म्हणायचा, "हेच तिचं नाव. तुम्ही लोक तिला भलतंच काहीतरी म्हणता."

दोन वर्षांपूर्वी काकांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वस्तूंची नावं, मग घरापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता. लेक वरच्याच मजल्यावर राहायची. ती तिचं कॉम्प्युटरवरचं काम खाली घेऊन यायची आणि दिवसभर त्यांच्यापाशी बसायची. पण संध्याकाळी काकू दारात उभ्या राहून हसल्या की काकांचा चेहरा खुलायचा. "आलीस?" म्हणायचे. बाकी सगळं गेलं तरी काकूंची त्याला हरकत नव्हती. तो एक "आलीस" मिळाला की त्यांचा दिवस भरून पावायचा.

आणि मग दात तुटला. त्याचा मागेच रूट कॅनाल झालेला, आतून वाळलेला. समोर कात्री पडलेली असताना काकूंनी झग्याच्या नाडीचा दोरा दाताने तोडला, इतकी वर्षं तोडत आल्या तसाच. ह्या वेळी दोरा राहिला आणि दात गेला.

त्या संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि लाजून ओठ मिटूनच हसल्या. काका खुर्चीतून उठले. फार अदबीने म्हणाले, "या ना. कोण हवंय आपल्याला?"

तेव्हापासून काका आपल्या बायकोची वाट बघत होते आणि तेही काकूंच्याच शेजारी बसून. "अहो बाई," ते काकूंना म्हणायचे, "आमची ही अजून आली नाही. उशीर नाही करत कधी." नवरा शेजारी बसून आपल्यालाच 'अहो' म्हणतो आणि आपलीच चौकशी करतो, हे दुःख सांगायचं तरी कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

काकूंनी आपल्यापुरता हिशोब लावून टाकला. दात गेला म्हणून ओळख गेली. दात आला की ओळख येईल.

"आई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस," लेक म्हणाली. "बाबांचं दातामुळे नाही गं. आजार वाढतोय त्यांचा. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय."

"मग? काढून टाक तो दात, आणि कवळीचा एक दात लाव. आठ दिवसांत मोकळी होशील. चिरफाड कशाला आणि?"

"माझाच दात हवाय मला," काकू म्हणाल्या, आणि वादावर पडदा पडला. काकू फारशा हट्ट करायच्या नाहीत. त्यामुळे केला की समोरच्याला तयारी नसायची.

ऑपरेशन झालं. भुलीमुळे दुखलं काहीच नाही, नुसती खरखर ऐकू आली आणि कोणीतरी ओठ ओढतंय एवढं कळलं. टाके घालताना काकू डोळे मिटून मोजत होत्या आणि मनात म्हणत होत्या, हात हलका आहे पोरीचा. मग सूचना सुरू झाल्या. आज खळखळून चूळ भरायची नाही. बाहेरून बर्फाने शेकायचं. मऊ आणि कोमट खायचं. त्या जागी ब्रश लावायचा नाही, औषधाच्या पाण्याने नुसतं तोंड धुवायचं. सूज येईल, घाबरायचं नाही, पण रक्त थांबलं नाही तर लगेच यायचं. "आणि काकू, आरशात ओठ वर करकरून बघायचं नाही. टाके तुटतात. आणि दोरा..."

"कळलं, कळलं."

"कळलं म्हणणारेच परत येतात."

आल्याच. टाके काढायचा दिवस अजून लांब होता. रजा किती काढणार म्हणून काकू मशीनवर बसल्या. उशीच्या खोळीची टीप संपली, हात दोरा घेऊन वर गेला आणि तोंडाने आपलं जुनं काम केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. पांढऱ्या खोळीवर लाल थेंब पडला तेव्हा काकूंना समजलं. त्या तोंडाला रुमाल लावून धावत दातांच्या विभागात गेल्या.

"दाताच्या कण्या केल्या ना मी सांगून सांगून!" डॉक्टरीणबाई रागावल्या. "नशीब, एकच टाका निसटलाय. हिरडी फाटली असती म्हणजे?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखल्याचं नव्हतं. आपल्या हाताने आपण काकांशी व्हायची ती भेट लांबवली असती, ह्या विचाराने त्या हादरल्या होत्या. मग त्यांनी झग्याच्याच एका नाडीला कात्री बांधली आणि गळ्यात अडकवली. कपड्यांच्या खोलीत हसाहशी झाली. होऊ दे म्हणाल्या.

टाके निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तात्पुरता प्लॅस्टिकचा दात चिकटवून दिला. अगदी सरळ, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा. काकू घरी येऊन हसल्या. काकांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि टॉवेलाची घडी घालत राहिले. दिवसभर तेच करायचे ते, एकच टॉवेल उलगडायचे आणि घडी घालायचे. काकूंनी मनाशी म्हटलं, बरोबरच आहे. हा दात माझा कुठाय?

हिरडी बसत होती. गुलाबी, घट्ट, डॉक्टरीणबाई खूश. पण काका उसवत चालले होते. आधी रोज विचारायचे, "ती आली का?" मग एक दिवसाआड. मग एका आठवड्यात काकूंच्या लक्षात आलं, त्यांनी विचारलंच नाही. विचारायचे तेव्हा जीव तुटायचा. विचारायचे थांबले तेव्हा कळलं की ते विचारणं म्हणजे केवढं सुख होतं. आता त्यांना तिची आठवणही नव्हती. काकूंना त्या बाईची, म्हणजे स्वतःचीच, फार कीव आली.

"लवकर नाही का होणार?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि ह्या वेळी का ते सांगितलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता थांबल्या. मग स्टूल ओढून काकूंच्या समोर बसल्या.

"दिवस कमी नाही करता येणार मला, काकू. पण कॅप तुम्हाला हवी तशी करून देईन."

"तिरपी करा. शेजारच्यावर चढलेली."

काकूंनी जुना फोटो आणला होता. तळघरातल्या मशीनसमोर दोघं उभे, कोणीतरी काहीतरी बोललंय आणि काकू तोंडाला हात न लावता हसतायत. डॉक्टरीणबाईंनी तो फोटो दात बनवणाऱ्या कारागिराला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "मॅडम, फोटो ऑपरेशनच्या आधीचा आलाय चुकून." चुकून नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आयुष्यभर लोकांचे वाकडे दात सरळ करतोय. हे पहिलंच गिऱ्हाईक."

कॅप बसली त्या दुपारी काकूंनी आरशात बघितलं. हिरडीची रेघ जरा वर गेली होती, शेजारचा दात थोडा लांब दिसत होता. पण दात तिरपा होता. तिरपाच होता. त्यांनी डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

घरी आल्या तेव्हा लेकीने दार उघडलं, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाली. काका खिडकीजवळच्या बाकावर होते, मांडीवर टॉवेल. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या. हसायचं कसं, हेच त्यांना आठवेना. मग काकांनी टॉवेलाची घडी उलटी घातली, स्वतःच त्या घडीकडे रागाने बघितलं आणि काकूंना खरंच हसू फुटलं.

काका बघत राहिले. खूप वेळ. टॉवेल मांडीवरून खाली घसरला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "एक बोलू? राग नाही ना यायचा?"

काकूंचं हसू तसंच राहिलं. "नाही. बोला."

"तुमचं हसू अगदी आमच्या हिच्यासारखं आहे."

आतल्या खोलीच्या दारात लेक उभी होती. तिने तोंड फिरवलं. काकूंनी फिरवलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कुणीतरी आलं होतं आणि त्याला परत जाऊ द्यायची काकूंची तयारी नव्हती. त्या बाकाच्या कडेला टेकल्या.

"कशी आहे हो ती?"

"ती?" काका खुलले. "चादरी शिवते आमच्याकडे. वर खोली आहे तिची. मी जातो ना गठ्ठा घेऊन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही तिला सांगू नका हं. रोज कुठल्या फाटणार एवढ्या चादरी? ज्या दिवशी नसतील, त्या दिवशी एखादी चांगली बघून मीच टरकावतो."

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "मुद्दाम?"

"मग काय करणार? वर जायला काहीतरी निमित्त नको? आणि ती बिचारी मान खाली घालून शिवत बसते. म्हणते, कापडच हलकं येतं हल्ली."

काकू हसल्या आणि डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. त्या हसल्या की काका आणखी सांगत होते, म्हणून त्या हसत राहिल्या. ती कशी लाजते, कशी चिडते, सगळं. त्यातलं निम्मं काकूंना माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आज, परक्या बाईला.

ऊन भिंतीवरून सरकलं. काकू उठायला गेल्या तशी काकांनी घाईघाईने बाकावरची उशी उचलली आणि आपल्या शेजारी जागा केली.

"निघालात? थोडं थांबा ना. ड्युटी सुटायची वेळ झालीच तिची. भेटून जा."

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. मग दोघंही दाराकडे बघत बसली.