वियुवा नावाची सवत

वेणू पागधरेला इंग्रजीतली चारच अक्षरं ओळखता येत होती, आणि ती तिला सवतीनं शिकवली होती. म्हणून त्या सकाळी डहाणूच्या खाडीकाठच्या आपल्या अंगणात ती वलांडीच्या बांबूवर बोंबील वाळत टांगत असताना पोस्टमननं लांबट पांढरा लिफाफा पुढे केला, तेव्हा त्यावर काय लिहिलंय हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. व्ही, आय, यू, पुन्हा व्ही आणि शेवटी ए. वियुवा. त्याच्यापुढे तिच्या नवऱ्याचं नाव.

"परत आली बया," ती म्हणाली आणि पोस्टमनच्या कागदावर सही करून लिफाफा न फोडताच मासळीच्या टोपलीत टाकला. एरवी अशी पत्रं तिची धाकटी जाऊ कल्पिता वाचायची. पण कल्पिता आज वाणगावला गेली होती.

वेणूचा नवरा काळू आधी इथल्याच एका मासळीच्या कंपनीत चार वर्षं होता. मग ओळखीनं पोर्तुगालला मच्छीमार बोटीवर लागला. तिथे सात वर्षं काढून बेल्जियमला मासे साफ करायच्या कारखान्यात गेला, तिथे पाच वर्षं. तिन्हीकडे त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात. फोनवर तो सांगायचा, "कापतात ते म्हातारपणी देतात." वेणूला वाटायचं, कापलं ते गेलं. तीन वर्षांपूर्वी तो कारखान्यातच छातीत कळ येऊन पडला आणि पेटीत बंद होऊन घरी आला.

घर काळूच्या पैशांनी बांधलेलं. त्यात धाकटा दीर जतीन आणि कल्पिता राहत होतेच. तेराव्यानंतर वेणूला खोलीतून जा असं कुणी म्हटलं नाही. कल्पितानं फक्त त्या खोलीत आपलं कपाट आणून ठेवलं आणि वेणूची गादी मागच्या पडवीत गेली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहताना ती मागे उभी राहू लागली. भावकीतल्या एका पुतणीच्या हळदीला तर ती चुलीपाशीच बसून होती, कारण विधवेचा हात लागू नये. आपण सुधारलेली माणसं. विधवेचे केस कापणं आपण कधीच सोडलं. आता तिला फक्त फोटोतून कापतो.

हे सगळं वेणूनं सोसलं असतं, पण मयतानंतर चार महिन्यांनी ते पहिलं पत्र आलं. कल्पिता बारावी झालेली, घरात इंग्रजी वाचणारी ती एकटीच. पत्रातली भाषा तिला कळेना. तिनं बोट फिरवत फिरवत वरची ओळ लावली.

"वयनी, हे कुणा बाईच्या नावानं हाय. वियुवा द काळू पागधरे."

"द म्हंजे?"

"म्हंजे त्यांची. काळू पागधरेंची वियुवा." मग तिनं शेवटचं पान उलटलं. तिथे सहीसाठी जागा होती आणि शेजारी पुन्हा तेच नाव छापलेलं. "इथं सही मागतात. म्हंजे आपण लिवून द्यायचं वाटतं, ही त्यांची बायको म्हणून."

त्या दिवशी कल्पिता खोटं बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं.

वेणूनं पत्र चुलीत घातलं. पण पत्र जळलं म्हणून बाई जळत नाही. वियुवा तिच्या डोक्यात राहायला आली. गोरी असणार, घाऱ्या डोळ्यांची असणार. काळू सुट्टीत घरी आला की स्वतःच्या हातानं कोळंबीचं आंबट करायचा, ते तिलाही करून घालत असणार. पेटीबरोबर त्याच्या बॅगेतून एक लाल लोकरीचा मफलर आला होता. आधी वेणू तो उशाशी घेऊन निजायची. आता तिला दिसू लागलं की तो विणलेला आहे, आणि कुणी विणला असेल हेही दिसू लागलं. तिनं त्या मफलरनं बोंबलाची टोपली पुसायला घेतली.

"नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे," ही म्हण आपल्याकडे लोक हसत हसत सांगतात. वेणू ती दात खाऊन म्हणायची. कुणाला मात्र पत्राविषयी बोलली नाही. गावाला कळलं तर लोक म्हणतील, हिला नवरा सांभाळता आला नाही. वर्षभरानं दुसरं पत्र आलं, तेव्हा कल्पितानं नुसतं "तिचंच हाय" म्हणून सांगितलं. "चुलीत घाल," वेणू म्हणाली. आणि आज हे तिसरं.

दुसऱ्या दिवशी ती टोपल्या घेऊन तलासरीच्या बाजाराला गेली. दमणहून पिएदाद आंटी सुकी मासळी न्यायला नेहमी तिच्याकडेच यायची. ऐंशीच्या घरातली बाई, अंगात काळा फ्रॉक, दमणमध्ये पोर्तुगीज होते तेव्हा त्यांच्याच शाळेत शिकलेली. तिनं बोंबील निवडले. वेणूनं हाताला रद्दी लागते का पाहिलं, तर तो लिफाफा लागला. तिला बरंच वाटलं. त्या बयेच्या नावातच तिनं बोंबील गुंडाळले आणि पुडकं पुढे केलं.

"आ कागळ कोनो छे?" पिएदादनं पुडकं डोळ्यांजवळ नेत गुजरातीत विचारलं. लिफाफा तर बंदच होता.

"सवतीचा. लागू दे तिला वास."

म्हातारीनं चष्मा चढवला. "वियुवा द काळू पागधरे. काळू कोण?"

"माझा नवरा. वारला तो."

"तो आ तो तारो ज कागळ. तुझाच."

"माझं नाव वेणू, आंटी. वियुवा ती तिकडची."

पिएदादनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "हूं वियुवा."

वेणूनं तिच्याकडे पाहिलं. सुरकुतलेला चेहरा, तोंडात चार दात. तरी तिनं म्हातारीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंच. मत्सराला वय दिसत नाही.

"तुम्ही?"

"हूं वियुवा. तू वियुवा. पेली केळांवाळी, ए पण वियुवा." म्हातारीनं समोरच्या केळीवालीकडे बोट केलं. "बेन, आ नाम नथी. धणी मरी जाय ने, ए बाई वियुवा. तुमी बोलता ना, विधवा."

वेणू टोपलीशेजारी बसून राहिली. दोन गिऱ्हाइकं भाव विचारून निघून गेली. तीन वर्षं जिला तिनं शिव्या घातल्या, जिचे घारे डोळे तिनं मनातल्या मनात फोडले, ती बाई पडवीत तिच्याच गादीवर निजत होती.

पिएदादनं लिफाफा फोडला आणि थांबत थांबत मजकूर सांगितला. पोर्तुगालच्या पेन्शन कचेरीचं पत्र होतं. काळूच्या बायकोला पेन्शनचा हक्क आहे. एका देशातली वर्षं कमी पडली तर दुसऱ्या देशातली त्यात जोडून धरतात, भारतातलीसुद्धा, आणि मग जो तो देश आपापला वाटा देतो. लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि सही पाठवा. हे शेवटचं पत्र, मुदत महिनाअखेरपर्यंत. गेल्या तीन वर्षांचं मिळेल की नाही, ते पत्रात नव्हतं.

वाचकहो, हे कुणाचे उपकार नव्हेत. परक्या मुलखातल्या थंडीत एक माणूस राबला, त्याच्या मजुरीतून दर महिन्याला बाजूला काढलेलं हे त्याच्या बायकोचं आहे. कायद्यानं तिच्यासाठी तीन देशांची वर्षं एकत्र केली. आपल्या घरांना एका छपराखालच्या दोन बायका एकत्र करता येत नाहीत.

दुपारी वेणू घरी आली. कल्पिता वाणगावहून परतली होती, भाजी निवडत बसली होती. वेणूनं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"वाच."

"तेच नाव, वयनी."

"म्हंजे काय, ते सांग."

कल्पितानं मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या पत्राला. चुलीत घालायच्या आधी फोनचा कॅमेरा धरला. मराठीत आलं." मग ती भरभर बोलू लागली. "तुमच्याकडं सगळं होतं. फरशी तुमची, फ्रीज तुमचा. त्यांचा फोन आला की अख्खं घर तुमच्याभोवती. मी बंदरावरनं टोपली घेऊन यायची, आणि तुम्ही विचारायचा, कल्पिता, चॉकलेट खाशील? ते गेले तेव्हा वाईट वाटलं, खोटं नाय बोलत. पण वाटलं, आता दोघी सारख्या झालो. आणि मग हे. माझा जिवंत असून मला काय नाय, आणि तुमचा मेला तरी तुम्हालाच पोसणार."

हे दुखणं वेणूच्या ओळखीचं होतं. ती स्वतः ते तीन वर्षं पोसत आली होती, तेही एका शब्दापायी. पण तिचा मत्सर आंधळा होता. कल्पिताचा डोळस होता, आणि त्याला क्षमा करायला तिचं मन तयार होईना.

तेवढ्यात जतीन आला. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ द्या वयनी, घरातलं घरात ऱ्हाऊ दे. कागद मी करतो. खातं माझं लावू. तुम्ही विधवा बाई, कुठं ऑफिसं फिरणार?"

"विधवा हाय म्हणूनच फिरणार," वेणू म्हणाली. "त्या कागदावर तुझं नाव नाय, जतीन. माझं हाय. खातं माझंच लागंल. आणि ते कपाट आज काढ खोलीतनं."

जतीननं कल्पिताकडे पाहिलं. कल्पिता उठली आणि कपाट रिकामं करू लागली.

दाखले जमवायला आठ दिवस गेले. एका सकाळी वेणूनं कागद कल्पितापुढेच मांडले. "तूच भर. तुझंच इंग्रजी, तुझाच फोन." कल्पितानं एकेक रकाना भरला, अक्षर जपून काढत. सहीची जागा आली, तिथे ते नाव छापलेलं होतं. वेणूनं त्यावर बोट ठेवलं.

"नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे," ती म्हणाली. "बघ गे, झाली माझी." आणि तिनं सही केली.

कागद गेले. उत्तर अजून आलेलं नाही. तलासरीच्या बाजारात आता वेणू शेजारच्या बायांना विचारत असते, तुझा नवरा कुठं कुठं कामाला होता, किती किती वर्षं, कागद घेऊन ये, पिएदाद आंटी आली की वाचून घेऊ. तिच्या गळ्यात तो लाल मफलर असतो. चार वेळा धुतला, पण बोंबलाचा वास काही जात नाही. एखादं गिऱ्हाईक नाक मुरडतं.

"माझ्या नवऱ्याचा हाय," ती सांगते.