फरिश्त्यांची सुंता

तळोद्यात सायराच्या दारापुढे चपलांचा ढीग पडला होता. तिचं पोरगं जन्मतःच सुंता होऊन आलं म्हणे! मुसलमान फुलं घेऊन आले, हिंदू नारळ घेऊन आले. चमत्कार म्हटला की आपल्याकडे लगेच एकी होते.

मधोमध गंडेदोरे देणारे हैदरबाबा ठाण मांडून होते. "ना वस्तरा, ना खून, ना टाका! जन्माआधीच फरिश्ते आले, काम करून गेले, मेहेरबान!"

"नशीबवान शे तू, सायरा," शेजारची जसोदाबाई म्हणाली.

सायरा हसली नाही. बाळाची लघवी समोर न जाता खालून मांड्यांवर ओघळायची. तिनं नवऱ्याला, लतीफला ते दाखवलं. मशिदीतले मौलवीही म्हणाले, "आधी डॉक्टर." पण दारात एवढी गर्दी असताना डॉक्टर हवा होता कोणाला?

महिन्याभरानं बाबांनी नवंच काढलं. "वरची थोडी कातडी फरिश्त्यांनी मुद्दाम ठेवलीय. ती माझ्या हातून जायची आहे."

"नका कापू, मन्हा पोऱ्याले काहीतरी दुखनं शे," सायरा हात जोडून म्हणाली.

"तुले काय समजस?" लतीफ खेकसला. आत पोरानं टाहो फोडला, बाहेर लोकांनी पेढे खाल्ले.

ते पोरगं, समीर, बालवाडीत जाऊ लागलं. रोज चड्डी भिजायची, पोरं हसायची. तेव्हा कुठे लतीफ त्याला आणि सायराला नंदुरबारला डॉक्टर दीपमालांकडे घेऊन गेला.

"फरिश्ते नाहीत हो," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या पोटात वाढतानाच लघवीची नळी अपुरी राहते, तिचं छिद्र खाली उघडतं. खालची कातडी तयारच होत नाही, म्हणून सुंता झाल्यासारखं दिसतं. वरच्या कातडीतून आम्ही नळी पुरी करतो. म्हणून अशा मुलाची सुंता करायची नसते."

"आते काय करानं?" सायरानं विचारलं.

"आता तिच्या जागी तोंडाच्या आतली कातडी घेऊ. जमेल, पण ऑपरेशनं वाढतील."

समीरनं घाबरून तोंडावर हात ठेवला. "मन्ही कातडी व्हती ती कोनी लिधी?"

लतीफ भिंतीकडे वळून हुंदके देऊ लागला. सायराचं काळीज तुटत होतं, तरी तिनं पोराला खरं सांगितलं. "आम्हीच दिनी, बेटा. तुले न इचारता."

आज सायरा गल्लीत हे सगळं उघड बोलते. लोक तिला धर्मबुडवी म्हणतात, घरी येऊन ती रडते, पण बोलायचं थांबत नाही. तुम्हीही तिचं ऐका. चमत्कार कानावर आला तर आधी पोराला डॉक्टरला दाखवा. आणि ज्या कापण्यावाचून त्याचं काही अडत नाही, ते त्याला कळतं होईपर्यंत राहू द्या. अंग त्याचं आहे, त्यालाच ठरवू द्या.