अडतीस मिनिटांत आठ बटणं

भाच्याच्या लग्नाचा कोट मामानेच शिवायचा, हे भाचा पाळण्यात असतानाच ठरलेलं. टेलरमास्तरांनी कोट शिवलाही झकास. फक्त आठ बटणं राहिली होती आणि लग्न त्याच संध्याकाळी, दुसऱ्या शहरात होतं. मास्तरांनी विमानाचं तिकीट पाहिलं. सुटायची वेळ दहा, पोचायची अकरा दहा. म्हणजे सत्तर मिनिटं. एका बटणाला आठ मिनिटं धरली तरी सहा मिनिटं चहाला उरत होती.

तपासणीत त्यांची कात्री काढून घेतली, सुई मात्र राहू दिली. दोरा दाताने तोडता येतो, म्हणून मास्तर डगमगले नाहीत. पण विमान जागचं हलेपर्यंतच वीस मिनिटं गेली. वर डब्यात ठेवलेला कोट मिळेना, कारण कुणाला उठू देत नव्हते. आणि मग वैमानिकाचा आवाज आला, "अंतर दोनशे नव्वद किलोमीटर. वारा मागून आहे, अडतीस मिनिटांत पोचू."

मास्तरांनी तिकीट पुन्हा बाहेर काढलं. "तिकिटावर तर सत्तर लिहिलंय."

"त्यात जमिनीवर रांगणंही धरतात," शेजारच्या बाई म्हणाल्या. त्या भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कुणी विचारायची वाटच बघत होत्या.

पट्टे सोडायची परवानगी मिळताच मास्तरांनी कोट मांडीवर घेतला आणि हवाई सुंदरीला हळूच विचारलं, "वैमानिकाला सांगून जरा सावकाश नेता येईल का?"

"फार सावकाश नेलं तर खाली पडेल, काका," ती म्हणाली आणि पाणी देऊन गेली.

चार बटणं होईपर्यंत मास्तरांनी मान वर केली नाही. पाचव्याला कानांत दडे बसले. विमान उतरायला लागलं होतं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. "मलाही सुईदोरा येतो."

चाळीस वर्षांत मास्तरांच्या कोटाला परक्याचा हात लागला नव्हता. पण पर्याय काय होता? त्यांनी वरचा भाग आपल्याकडे ठेवला आणि खालची टोकं बाईंच्या मांडीवर दिली. बाईंनी नकाशे टांगावेत तशा जाड टाक्यांनी तीन बटणं ठोकली. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं. चाकं टेकली तेव्हा आठही लागलेली होती. ही तीन बहिणीच्या घरी गेल्यावर उसवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण घरी पोचताच भाच्याने कोट अंगात चढवला तो काढलाच नाही.

लग्नात मित्रांनी भाच्याला मिठ्या मारल्या. तिसऱ्या मिठीला वरचं बटण निखळलं, पाठोपाठ दुसरं. दोन्ही मास्तरांनी लावलेली. खालची तीन जागची हलली नाहीत.

बहिणीने ती ओढून बघितली. "दादा, ही बघ कशी बसलीत. वरची घाईत लावलीस वाटतं. पण तुझा खरा हात इथे दिसतो."

मास्तरांनी बाईंचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, नाव विचारलंच नव्हतं.

"हो," ते म्हणाले, "ही जरा निवांत लावली."

परतीचं विमानाचं तिकीट त्यांनी रद्द केलं आणि बसने निघाले. सात तास लागत होते. सोबत शिवायच्या दोन पँटी घेतल्या, आणि कात्रीही.