कंबरेचं स्टूल

सासूबाईंनी स्टुलावर पाण्याची कळशी ठेवली आणि पुन्हा कंबरेत वाकून कांद्याच्या वाफ्यात खुरपं चालवायला सुरुवात केली.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुताराच्या मागे लागून तिने ते स्टूल करून घेतलं होतं. वीतभर उंच, आणि कंबरेला बांधायला पट्टा, म्हणजे बाई सरकेल तसं स्टूलही सरकेल. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वाकणं थांबलं नाही तर पाय कामातून जातील. रोज सकाळी चपला घालायला दाराची चौकट धरावी लागणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं? पण पालथ्या घड्यावर पाणी! काल त्याच स्टुलावर कोंबडी बसली होती, परवा जेवणाचे डबे. ज्यांच्यासाठी केलं त्या सोडून सगळ्यांचं बूड त्याला लागलं होतं.

"कळशी खाली ठेवा," सून म्हणाली.

"माती लागेल."

"लागू दे. तुम्ही बसा."

"ढुंगणाला स्टूल बांधून शेतात फिरू? लोक हसतील."

"उद्या तुम्हाला उचलून न्यावं लागलं, की मग नाही ना हसणार!"

शेवटी सुनेने कळशी उचलून बांधावर आदळली, सासूबाईंच्या कंबरेला पट्टा आवळला आणि खांदे दाबून त्यांना बसवलंच. मग ती शेजारच्या वाफ्यात वाकली. कुठल्याही क्षणी म्हातारी पट्टा सोडेल म्हणून तिचा एक डोळा तिकडेच होता.

सासूबाई मुकाट्याने अर्धा वाफा सरकल्या. मग त्यांचा हात थांबला. चेहरा पांढराफटक पडला.

"आता काय झालं?"

"दुखतंय गं."

"दुखतंय म्हणूनच तर बसवलं ना!"

"तसं नाही." सासूबाईंनी दोन्ही हात कंबरेवर दाबले. "आत्ता दुखायला लागलंय. वाकलेली असले, की तिथे काही कळतच नाही. कंबर आहे की नाही तेसुद्धा. बसले, की एकेक हाड जागं होतं. म्हणून नको म्हणत होते."

इतके दिवस सुनेला तो हट्ट वाटला होता. तिची तिलाच चीड आली आणि ती खाली मान घालून भराभरा तण उपटायला लागली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तू पण सकाळपासून वाकलेलीच आहेस. स्वतःसाठी नाही करून घेतलंस एक?"

"मला काय धाड भरलीय?" सून वाकूनच म्हणाली. "मला तर काही जाणवतसुद्धा नाही."

सासूबाईंचे हात अजून कंबरेवरच होते.

सुनेचं खुरपं मातीत थांबलं. सरळ उभं राहावं की नाही, ते तिला ठरवता येईना.