मार्सलीचं चुकीचं गेलिक

ग्लासगोला विद्यापीठात गेलिक या जुन्या स्कॉटिश भाषेचं मंडळ मी चालवत होते. आम्ही सगळे पुस्तकातून शिकलेले; लहानपणापासून घरात गेलिक बोलत आलेली एकटी मार्सली, युइस्ट बेटावरची. चहाच्या गप्पांत तिनं तोंड उघडलं की सचिव फिनले म्हणायचा, "तसं नाही गं, हे रूप चुकलं." मी गप्प बसायचे, कारण मंडळाची निम्मी कामं तोच ओढायचा. हळूहळू ती यायची बंद झाली.

मे महिन्यात आम्हाला भाषाप्रसाराचं बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात ती वाचनालयात भेटली. मी गेलिकमधून विचारलं, "येत का नाहीस?"

ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्याइतकं शुद्ध कुठं येतं मला? हल्ली आईशीही फोनवर इंग्रजीच बोलते."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण ती खरंच ओशाळली होती.